आवळलेल्या पानांची कोठी

धान कापून, चुरून आणि उन्हात वाळवून झाले, की भंडारा जिल्ह्यातल्या आधारभूत खरेदी केंद्रांसमोर पूर्वीच्या बैलबंड्यांच्या जागी आता ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांची रांग लागते, प्रत्येक कट्टा काट्यावर ४० किलो भरतो की नाही याची खातरजमा होते, बारदान्याचे तोंड सुतळीने शिवले जाते, आणि मग हमालांची टोळी ते कट्टे पाठीवर वाहून गोदामाच्या अंधारात अशी काटेकोर थप्पी रचत जाते, की आडवे किती आणि उभे किती एवढे मोजून केंद्राचा कारकून आत पडलेला सगळा माल तोंडी सांगू शकतो. गेल्या हंगामात अशाच एका गोदामाच्या दारात नंबर लागण्याची वाट पाहत बसलो असताना शेजारी विडी ओढणाऱ्या एका वयस्क हमालाजवळ मी त्या रचनेची तारीफ केली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘कट्टे सारखे हायेत म्हून थप्पी उभी हाय, गुरुजी. लहान-मोठे असते तं...’’ आणि पुढचे वाक्य त्याने हात आडवा करून पुरे केले.

हे उद्गार माझ्या फार उपयोगी पडले. कारण नागपूरला संगणकाच्या नोकरीत असलेला माझा भाचा चार दिवसांच्या रजेवर आला असताना, आदल्याच रात्री त्याने मला जे समजावून सांगण्याची पराकाष्ठा केली होती आणि जे मला अर्धेच उमगले होते, त्याचे उरलेले अर्धे या एका वाक्यात होते. विषय निघाला होता माझ्या फोनवरून. दोन जीबी स्मृतीचा तो साधा फोन, त्यावर सात-बारा उघडलेला, बँकेचे पान उघडलेले, व्हॉट्सअ‍ॅपवर गावभरचे संदेश येत असलेले, आणि तरीही तासाभराने परतलो तर अर्धवट भरलेला अर्ज पुष्कळदा जसाच्या तसा समोर येतो, हे कसे, असे मी सहज विचारले होते. ‘‘तुमची मागे पडलेली कामं तो घडी घालून ठेवतो, मामा,’’ असे उत्तर मिळाले. आणि घडी घातलेले कपडे ठेवायला ज्याअर्थी कपाट लागते, त्याअर्थी या घड्यांचे कपाट कोणते आणि ते कोण लावते, या माझ्या प्रतिप्रश्नावर रात्रीचे साडेबारा वाजले.

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्या मध्ये बसून दोघांचाही कारभार पाहणारी व्यवस्था, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पलटणीतल्या कर्नलाशी याचा काही संबंध नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ टरफलाच्या आतला दाणा असा आहे, आणि धानाच्या मुलखात राहणाऱ्याला तो निराळा समजावून द्यावा लागू नये. हा गाभा स्मृतीची, म्हणजे रॅमची, वाटणी सारख्या मापाच्या तुकड्यांनी करतो. प्रत्येक तुकड्याला पान म्हणतात आणि बहुतेक यंत्रांत एका पानात ४०९६ बाइट मावतात. एक बाइट म्हणजे स्थूलमानाने एक रोमन अक्षर. देवनागरीचे तसे नाही. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनसंकेतात आपल्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट पडतात, त्यामुळे ‘भंडारा’ हा शब्द भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशा सहा चिन्हांचा मिळून १८ बाइटांचा होतो, आणि रोमन लिपीतला भंडारा आठ बाइटांत आटोपतो. मराठी माणसाला स्मृतीची टंचाई इतरांपेक्षा थोडी आधी जाणवावी, असाच हा संकेत म्हणायचा.

परंतु हीच उधळपट्टी आवळण्याच्या, म्हणजे भाच्याच्या भाषेत घडी घालण्याच्या, वेळी कामी येते. त्या १८ बाइटांतल्या प्रत्येक तिकडीचे पहिले दोन बाइट, २२४ आणि १६४, सहाही वेळा तेच आहेत. यान कोले यांची एलझेड-४ ही आवळण्याची जलद रीत किमान चार बाइटांची पुनरावृत्ती दिसल्याखेरीज तिची दखल घेत नाही. पण मजकुरात एखादे चिन्ह पुन्हा आले, की त्याचे तीन बाइट आणि पुढच्या चिन्हाचे तेच ठरलेले दोन, असे पाच जुळू शकतात, आणि मग ते सगळे पुन्हा लिहिण्याऐवजी ‘इतके मागे पाहा, तेवढेच घ्या’ एवढी टीप लिहून भागते. १९७७ साली लेंपेल आणि झिव्ह या दोघांनी मांडलेल्या तत्त्वाचाच हा विस्तार. यात एक अट मात्र कठोर आहे. धान भरडले तर शंभर किलोमागे सदुसष्ट किलोच्या आसपास तांदूळ सरकार मोजून घेते, कोंडा-तूस बाजूला पडते, आणि त्या तांदळाचे पुन्हा धान करण्याची मागणी अद्याप कोणत्याही खात्याने केलेली नाही. आवळलेले पान मात्र उलगडताना बाइट न बाइट पूर्वीसारखे परत यावे लागते.

ही कल्पना नवी नाही. स्मृती अपुरी पडली की निजलेली पाने चकतीवर नेऊन टाकायची आणि लागली की परत आणायची, ही जुनी रीत. पण चकती स्मृतीच्या मानाने अतिशय मंद, आणि फोनातल्या साठवणीवर वारंवार लिहीत राहिले तर ती झिजते. तेव्हा चकतीवर नेण्याऐवजी रॅममध्येच आवळून ठेवावे, हा विचार १९९० च्या दशकाच्या आरंभी संशोधनलेखांत आला, आणि त्याच दशकात बाजारातही आला. १९९५ च्या सुमारास स्मृती दुप्पट करून देण्याच्या हमीवर लाखो प्रतींनी खपलेल्या एका आज्ञावलीची तपासणी झाली, तेव्हा ती काहीही आवळत नसल्याचे आढळले आणि अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाला दखल घ्यावी लागली. पुढे अस्सल माल आला: २०१३ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकमध्ये, २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये, आणि ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या स्वस्त फोनांवरही चालावी म्हणून २०१३ च्या अखेरीस अँड्रॉइडची जी ४.४ आवृत्ती निघाली, तिच्या तजविजीत झेडरॅम नावाची लिनक्स या कर्नलची सोय होती.

झेडरॅमची कीर्ती झाली ती आवळण्याबद्दल. माझ्या मते श्रेयाची ही वाटणी थोडी अन्यायाची आहे, कारण आवळणे हा या उद्योगाचा सोपा भाग असून, आवळून झालेला माल कोठे ठेवायचा हा अवघड भाग आहे. आवळण्यापूर्वी सगळी पाने सारख्या मापाची होती, कट्ट्यांसारखी. आवळल्यावर कुणी १४०० बाइटांचे झाले, कुणी ३०० चे, कुणी २१०० चे, आणि हमालाच्या त्या आडव्या हाताची गोष्ट सुरू झाली. १४०० बाइटांचे गाठोडे ठेवण्यासाठी जर ४०९६ बाइटांचे अख्खे पान अडले, तर आवळण्यात खर्ची पडलेले यंत्राचे श्रम पाण्यात गेले. तज्ज्ञ ज्याला अ‍ॅलोकेटर म्हणतात त्या कारभाऱ्यास आपल्या जुन्या शब्दाने कोठावळा म्हणू. अशा गाठोड्यांचा कोठावळा कसा असावा, हा प्रश्न लिनक्सच्या मंडळींनी पंधरा वर्षांहून अधिक काळ घोळवला आहे.

कर्नलमध्ये कोठावळे पूर्वीपासून दोन होते. पहिल्याची रीत आपल्याकडच्या भाऊवाटणीसारखी आहे: मोठी बांधी मधोमध कापून दोन सारखे हिस्से, त्यातला एक पुन्हा मधोमध कापून दोन, असे मागणीच्या मापापर्यंत उतरत जायचे, आणि दोन्ही लगतचे हिस्से मोकळे झाले, की मधला बांध मोडून पुन्हा एक बांधी करायची. आपल्या भावाभावांत वाटणीचा हा दुसरा भाग क्वचितच घडतो, पण यंत्रात बिनतक्रार घडतो. १९६५ साली केनेथ नोल्टन यांनी ही रीत छापून प्रसिद्ध केली. तिचा मूळ शोध डोनाल्ड क्नुथ यांच्या म्हणण्याप्रमाणे १९६३ चा आणि हॅरी मार्कोविट्झ यांचा, म्हणजे ज्यांना १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यांचा, आणि ज्याने पैशाची विभागणी शिकवली त्यानेच स्मृतीची विभागणीही शोधावी, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते. परंतु ही वाटणी अख्ख्या पानापाशी थांबते. पानाच्या आत पोटहिस्से पाडणारा दुसरा कोठावळा म्हणजे १९९४ मध्ये जेफ बॉनविक यांनी वर्णिलेली स्लॅब-पद्धती. तिचे सर्वसाधारण वापराचे खण ठरलेल्या मापांचे असतात: १०२४, २०४८, मग एकदम ४०९६. आपले १४०० चे गाठोडे तेथे २०४८ च्या खणात ढिले पडते आणि २१०० चे गाठोडे सबंध पान अडवते.

गाठोड्यांसाठी नेमक्या मापाचे निराळे खण पाडता येतील. पण ते दाटीने बसावेत तर सलग दोन-चार पाने एकत्र मिळावी लागतात, आणि येथे या कोठावळ्याच्या नोकरीतली खरी विपरीत अट समोर येते. इतर कोठावळ्यांकडे लोक वेळी-अवेळी येतात. याच्याकडे काम येते ते नेमके टंचाईच्या घडीला, जेव्हा स्मृती संपत आलेली असते, सलग मोकळी जागा बहुधा नसते, आणि इतस्ततः विखुरलेली सुटी पानेच काय ती हाती लागण्याजोगी असतात. दुष्काळात धान्य साठवण्याची कोठी बांधायची, आणि तीही लोकांच्या उरलेल्या सुट्या विटांतून, असा हा मक्ता आहे.

यावरचे साधे उत्तर झेडबड या नावाने २०१३ साली कर्नलमध्ये आले; कर्ते सेथ जेनिंग्ज. एका पानात जास्तीत जास्त दोन गाठोडी, एक वरच्या कडेला चिकटवून, दुसरे खालच्या कडेला, आणि मधली जागा रिकामी राहिली तर राहू द्यायची. १४०० ची दोन गाठोडी ठेवली तर २८०० बाइट लागले. उरलेल्या जागेतून थोडी नोंदीपुरती वजा जाता १२०० हून अधिक बाइट नुसते पडून. सरासरी कितीही चांगली आवळणी झाली, तरी दोन पानांचे एक पान, याहून अधिक लाभ नाही. तरीही या भोळ्या रीतीचे पाठीराखे होते, आणि त्यांचे म्हणणे फेटाळण्याजोगे नव्हते: एखादे पान रिकामे करून घ्यायचे झाले, तर दोनच गाठोडी हलवावी लागतात, हिशेब आधी सांगता येतो. पुढे व्हिटाली वूल यांनी २०१६ मध्ये एका पानात तीन बसवणारी आवृत्ती केली.

दाटीचे उत्तर निराळ्या दिशेने आले. नितीन गुप्ता यांनी झेडरॅमच्या पूर्वरूपावर काम करताना आधी एक कोठावळा लिहिला होता. त्याची अडचण अशी, की गाठोडे एका पानातच मावले पाहिजे या दंडकामुळे अर्ध्या पानाहून मोठी गाठोडी आली, की प्रत्येकामागे पानाचा मोठा तुकडा वाया जाई. झेडएसमॅलॉक या त्यांच्या पुढच्या कोठावळ्याच्या संहितेच्या शिरोभागी २०११ हे साल आणि त्यांचे नाव आहे, व त्याखाली २०१२ आणि २०१३ या सालांसह मिनचान किम यांचे. त्यात हा दंडकच काढून टाकला आहे.

कसा, हे सांगण्यासाठी मला गोदाम सोडून भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानात जावे लागेल. हा आमच्या गावाचा जुना धंदा. आता स्टीलने त्याला उतरती कळा लावली असली, तरी ज्या दुकानांत अजून गुंड आणि गंज तराजूवर तोलून विकले जातात, तेथे फळ्यांची मांडणी पाहावी. एका मापाचे गंज एका ओळीत, त्याहून बोटभर मोठे दुसऱ्या ओळीत. चार फुटांच्या एका फळीवर एका मापाचे दोनच गंज नीट बसतात आणि टोकाला पाऊण गंजाची जागा उरते, असे समजा. तशा चार फळ्या टोकाला टोक लावून जोडल्या, तर सांध्यावरही गंज उभा राहतो, चारही टोकांच्या उरलेल्या जागा एकत्र येतात, आणि आठाऐवजी अकरा गंज मावतात. झेडएसमॅलॉकने केले ते हेच. सोळा-सोळा बाइटांच्या फरकाने त्याने मापे पाडली, आणि प्रत्येक मापासाठी किती पाने जोडली असता तुकडा कमीत कमी वाया जातो, याचा त्रैराशिकाने हिशेब करून ठेवला. मूळ रचनेत जोड जास्तीत जास्त चार पानांची. १४०० चे गाठोडे, त्याच्या माथ्यावर आठ बाइटांची खूण, मिळून १४०८. चार पानांचे १६,३८४ बाइट, त्यात अशी अकरा. आता १३७६ पासून १४८८ पर्यंतच्या सगळ्या मापांना चार पानांत अकराच बसतात, तेव्हा त्यांच्यासाठी आठ वेगळ्या ओळी मांडून प्रत्येकीत अर्धवट भरलेल्या फळ्या बाळगण्याऐवजी त्या सर्वांना १४८८ च्या एकाच ओळीत घालावे, हा शहाणपणाही त्यात आहे. कारण १४८८ चे अकरा खण पाडले की १६,३६८ बाइट लागतात आणि चार पानांत मिळून अवघे १६ शिल्लक राहतात. कासाराने पत्रा कापताना उरलेली कातरण दाखवून मिरवावे, असा हा आकडा आहे.

शिवाय या फळ्या खरोखर शेजारी असण्याची गरज नाही. एक पान स्मृतीच्या या कोपऱ्यात, दुसरे त्या टोकाला. चौघे एका जोडीचे आहेत एवढे कागदोपत्री बांधलेले असले की पुरे. गंज मधोमध कापून अर्धा ओसरीवर आणि अर्धा माळ्यावर ठेवता येत नाही, पण बाइटांचे गाठोडे ठेवता येते. उलगडताना दोन्ही अर्धी एकत्र आणून वाचण्याचे श्रम तेवढे वाढतात. टंचाईच्या काळात सुट्या पानांवर भागते, यासाठी तो खर्च पत्करण्याजोगा ठरला.

आता दुसरी अडचण. गाठोडी येतात तशी जातातही, आणि काही काळाने अकरा खणांच्या जोडीत कुठे तीन भरलेले, कुठे पाच, अशी सगळीकडे विरळ वस्ती होते. जागा मोकळी आहे, पण एकही पान सबंध मोकळे नाही; आमच्याकडे निम्मे घर बंद ठेवून एका खोलीत म्हातारी राहते, त्यातला प्रकार. विरळ जोड्यांतली गाठोडी दाट जोड्यांत हलवली तर पाने सुटतील खरी, परंतु ज्याने गाठोडे ठेवायला दिले त्याच्यापाशी जर ‘अमुक पान, तमुक खण’ असा पक्का पत्ता असेल, तर हलवताक्षणीच तो पत्ता खोटा होईल. म्हणून झेडएसमॅलॉक पत्ता देतच नाही. तो पावती देतो. खरेदी केंद्रावर मिळालेल्या पावतीवर आपला कट्टा कोणत्या थप्पीत कितवा आहे हे लिहिलेले नसते, तो तपशील आतल्या वहीत असतो, आणि म्हणून गोदामवाल्यांना रात्रीतून थप्पी हलवून वहीत फेरफार करण्याची मुभा राहते. पावतीचा नंबर तोच. या पावतीच्या जोरावर २०१५ मध्ये विरळ जोड्या आपोआप आटवण्याची सोय कर्नलमध्ये आली. गाठोड्याच्या माथ्यावरची ती आठ बाइटांची खूण याचसाठी असते, की हलवणाऱ्याला उलट बाजूने, गाठोड्यावरून त्याची पावती सापडावी.

झेडएसमॅलॉकला कर्नलच्या मुख्य दप्तरात प्रवेश मात्र सुखासुखी मिळाला नाही. उमेदवारांच्या आवारात, ज्याला त्यांच्यात स्टेजिंग म्हणतात, तो काही वर्षे बसून होता. त्याच कामाच्या शेजारच्या खात्यात, म्हणजे आवळलेली पाने काही काळ रॅममध्ये धरून जास्त झाली की चकतीवर पाठवणाऱ्या झेडस्वॅपमध्ये, २०१३ साली नेमणूक झाली ती झेडबडची, कारण पान रिकामे करण्याचा हिशेब तेथे सोपा; अकरा गाठोड्यांतले एक काढले म्हणून झेडएसमॅलॉकचे एकही पान सुटत नाही, हा आक्षेप खरा होता. २०१४ मध्ये झेडरॅम आणि झेडएसमॅलॉक दोघेही मुख्य दप्तरात दाखल झाले, आणि पुढची दहाएक वर्षे झेडबड आणि झेडएसमॅलॉक हे दोन्ही कोठावळे एकाच वाड्यात नांदले. शेवटी दाटीचा लाभ सोपेपणाच्या लाभावर भारी पडला: २०२५ मध्ये झेडबड आणि त्याची तीन गाठोड्यांची आवृत्ती दोन्ही कर्नलमधून काढून टाकण्यात आली. झेडबडबद्दल मला थोडी हळहळ वाटली. ज्याचा कारभार पाहणाऱ्याला एका बैठकीत समजतो, असा कारकून दप्तरात असलेला बरा.

सगळीच पाने आवळत नाहीत, हेही सांगून ठेवले पाहिजे. छायाचित्रे आणि चित्रफिती आधीच आवळलेल्या असतात. त्यांचे पान पुन्हा दाबले तर काही कमी होत नाही, कधी दोन-चार बाइट वाढतातच. अशी पाने झेडरॅम जशीच्या तशी ठेवतो. याच्या उलट, पानभर एकच आकडा भरलेला असेल, बहुधा शून्य, तर ते पान ठेवायला कोठीतला खण लागतच नाही; तो एक आकडा वहीत टिपून ठेवला की झाले.

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्सची फेडोरा ही आवृत्ती आहे, आणि २०२० पासून तीत झेडरॅम न मागता मिळतो. रजेच्या शेवटच्या दिवशी, बॅग भरून झाल्यावर, त्याने मला त्यातली एक ओळ उघडून दाखवली. ओळीत नुसते आकडे, एकापुढे एक, शीर्षक नाही की रकाना आखलेला नाही. पहिला आकडा मूळ पाने किती बाइटांची होती त्याचा. दुसरा आवळून किती उरली त्याचा. तिसरा आकडा प्रत्यक्षात किती स्मृती अडली त्याचा, आणि दुसऱ्या व तिसऱ्यातला जो फरक, तो सगळा कोठावळ्याच्या खात्यावर. मी चष्मा लावून दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहून वजाबाकी केली. फरक इतका थोडा निघाला, की मी ती पुन्हा करून पाहिली. सातव्या जागी शून्य होते. ते काय, असे विचारल्यावर तो बॅगेची चेन ओढत म्हणाला, ‘‘विरळ थप्प्या हलवून किती पानं सोडवली, ते. अजून हमाल लावावे लागलेले नाहीत, मामा.’’